शेटजींचे मागचे दार आणि आढ्यावरची पाल

पूर्वी एका नगरात शीलसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पालीच्या योनीत जन्मला होता. उदुंबर शेटजींच्या भाड्याने दिलेल्या दुमजली घरात, खालच्या आढ्यावर त्याचा मुक्काम असे. देह वीतभर, पण समज मोठी.

खाली पुढच्या दाराशी सुलसा घारगे तळून विकायची. वर नंदिल विणकर, त्याची बायको आणि जुळी तान्ही मुले राहत. मागे आणखी एक दार होते खरे, पण त्याला टेकून शेटजींनी आपल्या कापसाचे गठ्ठे पार छतापर्यंत रचले होते. त्या गठ्ठ्यांत किडे-पतंग मुबलक, त्यामुळे बोधिसत्त्वाच्या खाण्यापिण्याची चंगळ होती.

एके दिवशी कढईत भडका उडाला. सुलसेने झाकण टाकून तो विझवला आणि तडक शेटजींना गाठले. "शेटजी, मागचं दार मोकळं करा. इथे पेटलं तर वरची लेकरं कुठून निघणार?"

"चूल तुझी, तेल तुझं, मग आगही तुझीच," शेटजी म्हणाले. "घरमालकाचा त्यात काय संबंध?"

बोधिसत्त्वाला हे सहन होईना. निषेध म्हणून तो जोरात चुकचुकला. पण त्या नगरातली समजूत अशी, की बोलता बोलता पाल चुकचुकली तर ते बोलणे खरे. शेटजींनी लगेच भिंतीवर बोटांनी टकटक केले. "ऐकलंस? पालसुद्धा म्हणते, खरं आहे." बोधिसत्त्वाने कपाळावर हात मारून घेतला असता, पण मग तो खाली पडला असता.

यापुढे शेटजींच्या बोलण्यावर चकार शब्द काढायचा नाही, असे त्याने ठरवले. गठ्ठे गेले तर पतंगही जातील, हे त्याला कळत होते. पण वर जुळी रडू लागली की घास त्याच्या घशाखाली उतरेना.

सुलसा काही गप्प बसणारी नव्हती. तिचे गाऱ्हाणे ऐकून नगरपाल स्वतः पाहणीला आला.

"हे गठ्ठे आजच आलेत. एरवी मागचं दार मोकळंच असतं," शेटजी म्हणाले आणि आशेने आढ्याकडे पाहू लागले. बोधिसत्त्व गप्प.

"भाडेकरूंना मी पोटच्या पोरांसारखं जपतो."

एक गलेलठ्ठ पतंग बोधिसत्त्वाच्या नाकासमोर येऊन बसला. त्याने तोंडसुद्धा उघडले नाही. सुलसा पदर तोंडाला लावून हसू लागली आणि शेटजींना घाम फुटला.

"अगं बाई, चुकचुक की. नाहीतर हे म्हणतील, उदुंबर खोटं बोलतोय."

बोधिसत्त्व चांगला खणखणीत चुकचुकला.

नगरपालाने शांतपणे भिंतीवर टकटक केले. "चूल तिची, हे कबूल," तो म्हणाला, "पण दार तुमचं. दार बंद म्हणून कुणी जळालं, तर ते तुमच्या माथी. उचला गठ्ठे." शेटजींना ते स्वतःच्या डोक्यावरून वाहावे लागले.

पुढे एकदा कढई खरोखरच पेटली. नंदिल आणि त्याची बायको एकेक लेकरू छातीशी धरून मागच्या दाराने सुखरूप बाहेर आली, त्यांच्यामागून सुलसा. सगळ्यांच्या आधी मात्र शेटजी बाहेर पडले होते. ते घारगे खायला आले होते. त्यांच्या पागोट्यावर बोधिसत्त्व बसला होता, जरासा रोडावलेला.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची सुलसा म्हणजे आज आपल्याला भिक्षा वाढणारी उपासिका वप्पा. नगरपाल म्हणजे स्थविर सुमेध. उदुंबर म्हणजे विहाराच्या दारात सरपण रचून ठेवणारा हा आपला कालक. आणि पाल मीच होतो. या कथेतली पारमी, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला सद्गुण, सत्याची. कालका, आता ऊठ आणि दार मोकळे कर."