पापा द्यायचा नाही

"चार वर्षांच्या पोरांना शरीराचे धडे कशाला? बंद करा ते," बालवाडीचे अध्यक्ष दादासाहेब खर्डेकर पालकसभेत गरजले. पालक मान खाली घालून बसले. पोरं उद्या भलतंच काही विचारतील, ही धास्ती त्यांनाही होतीच.

दादासाहेबांनी समोर आईजवळ बसलेल्या बालवाडीतल्या स्वरदाला मांडीवर ओढलं. "दे बघू आजोबांना पापा."

"नाही. मला नाही आवडत. सोडा," ती खणखणीत म्हणाली.

तिची आई गडबडून पुढे सरसावली. दादासाहेबांनी ओशाळून पोरीला खाली ठेवलं.

हे धडे घेणाऱ्या शिक्षिका शैलाबाई शांतपणे म्हणाल्या, "आतापर्यंत एवढाच धडा झालाय, साहेब. तुम्ही भले, म्हणून लगेच सोडलंत. न सोडणाऱ्यासाठी पुढचा धडा आहे. तो बंद करू?"

स्वरदाच्या आईने लेकीला घट्ट जवळ घेतलं. "बाई, तो आजच घ्या."