उलट्या बाजूनं आलेला शिष्य

"मग तू आलास कुठल्या बाजूनं?" भवानगिरी बाबांनी विचारलं.

प्रश्न साधा होता. पण विश्वंभरनं आधी नारळ, धोतरजोडी आणि पेढ्यांचा पुडा त्यांच्या पुढ्यात नीट लावून ठेवला. मगच तोंड उघडलं.

"उलट्या बाजूनं, बाबा. मठासमोरचा दुभाजकातला कट बंद केलाय ना आता. नियमानं यायचं तर पार टोलनाक्याच्या पुढं जाऊन वळून यावं लागतं. मुहूर्त टळला असता."

"हं..."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. सकाळपासून माणसं येत होती, प्रत्येकाचं काही ना काही अडलेलं. बाबांच्या पायांवर सूज होती, आणि चेहऱ्यावर असा भाव, की अजून एक जण ऐकायचा राहिलाय. रस्ता चौपदरी झाला तेव्हा मठाचं अर्धं अंगण त्यात गेलं. तेव्हापासून बाबा बोलता बोलता थांबत, ट्रक जाऊ देत, आणि मग पुढचा शब्द बोलत.

रेवती नवऱ्याच्या शेजारी बसली होती. या मठात गुरुमंत्र एकट्यादुकट्याला देत नसत. नवराबायकोला शेजारी शेजारी बसवून देत. विश्वंभरनं त्यासाठी किती वर्षं वाट पाहिली, हे सासरच्या प्रत्येकानं तिला सांगून झालं होतं. आपलं लग्न जमण्यात पत्रिकेपेक्षा या मंत्राचाच हात जास्त असावा, असं तिला अलीकडे वाटायला लागलं होतं. तक्रार म्हणून नाही, आपलं सहज.

"सगळेच येतात तसे," विश्वंभर म्हणाला. "मी तर दिवे लावून आलो. कडेकडेनं. सावकाश."

"वाटेत कुणी भेटलं?"

"नाही."

रेवतीनं हातातला चुडा मागे सारला. किणकिण झाली, तेवढ्यानं बाबांनी मिटलेले डोळे उघडले.

"तुला गं, पोरी?"

विश्वंभरनं तिच्याकडे पाहिलं नाही. न पाहण्यातसुद्धा हा माणूस किती जोर लावतो, हे तिला एवढ्या थोड्या दिवसांत कळलं होतं. 'नाही' म्हटलं की झालं. मंत्र मिळणार, घरी पुरण शिजलेलंच आहे, सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला दारात उभ्या असणार. आणि पुढं जन्मभर याच्याच गाडीत, याच्याच शेजारी बसायचं.

"एक जण भेटले," ती म्हणाली. "मोटरसायकलवर होते. मागे गवताचा भारा. आम्हाला बघून ते रस्त्याच्या खाली उतरले."

"उतरले?"

"खडीवर गाडी घसरली. आडवी झाली." ती थांबली. "मी मागं वळून पाहिलं. उठले होते. गुडघा चोळत होते."

"आणि तुम्ही?"

"यांनी काच खाली केली. 'बघून चालवा की हो' म्हणाले. मग काच वर केली."

बाहेरून एक कंटेनर गेला. बाबांनी तो जाऊ दिला.

विश्वंभरचे कान लाल झाले होते. तालुक्याच्या कोर्टात तो वकिली करायचा. मुद्दा त्याच्याकडे कायम असायचाच.

"बाबा, नियम कुणासाठी असतो? ज्याचं लक्ष नाही त्याच्यासाठी. माझं लक्ष होतं. आणि बाजू म्हणजे तरी काय हो? महादेवाची प्रदक्षिणा आपण पन्हळीपर्यंत घालतो. पन्हळ ओलांडत नाही, आल्या वाटेनंच परत फिरतो. समोरून माणसं येतच असतात. तिथं कुणी म्हणतं का, हा उलट्या बाजूनं आला म्हणून?"

हे वाक्य गाडीतच तयार झालं असणार, रेवतीच्या मनात आलं. त्या माणसाला मागं टाकल्यापासून हे गप्प गप्प होते ते याचसाठी.

बाबा हसले. हसू अर्ध्यावर आलं आणि त्याचा खोकला झाला.

"चांगलं बोललास... जा. एक प्रदक्षिणा घालून ये."

"आत्ता? अहो, मुहूर्त..."

"जा."

देऊळ मठाला लागूनच होतं. प्रदक्षिणेची वाट अरुंद, देवळाची भिंत आणि कोट यांच्यामधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी. रेवतीला ओसरीवरून सगळं दिसत होतं. विश्वंभर भराभर गेला, पन्हळीपाशी थांबला, वळला. तेवढ्यात समोरून एक म्हातारी आली. हातात पाण्यानं भरलेला तांब्या, नजर जमिनीवर, ओठ हलत असलेले. विश्वंभर कोटाच्या भिंतीला चिकटला. पोट आत घेतलं. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही. पुटपुटणं न थांबवता ती पुढं निघून गेली.

तो परत आला तेव्हा नव्या झब्ब्याची पाठ चुन्यानं पांढरी झाली होती.

"कुणी भेटलं?"

"एक आजी."

"मग?"

"मग काय... झालो मी बाजूला."

"तू का?"

"म्हणजे काय, बाबा! मी उलटा येत होतो ना. परतणाऱ्यानंच..."



रेवती खाली बघत बसली. अशा वेळी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये, एवढं तिला कळत होतं. थोडं हसू येत होतं, आणि हसू येतंय याची लाजही वाटत होती.



"मी वळलो तेव्हा रस्ता रिकामा होता, बाबा." विश्वंभरचा आवाज खाली आला होता. "शप्पथ. लांबपर्यंत कुणी नव्हतं."

"असेल..."

बाबांनी धोतरजोडी उचलली, घडी मोडली, आणि एक धोतर रेवतीच्या ओटीत टाकलं.

"फाडून घे. गुडघ्याला बांधायला होईल. तिथूनच जाणार ना तुम्ही?"

"हो. जाताना बाजू बरोबरच पडते," रेवती म्हणाली, आणि उठली. "अहो... चला."

विश्वंभर उठला नाही. हात जोडूनच बसला होता. दारात पोचलेल्या रेवतीला त्याची पाठ दिसत होती, आणि वकिलाची पाठ इतकी लहान असते हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

"आणि मंत्र, बाबा? इतकी वर्षं..."

बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

"तो समोरून येतच होता रे... तूच त्याला खाली उतरवलंस."