तांबटाचा गळका हंडा

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. तेव्हा वर्षं मोजायला कुणी बसलेलं नव्हतं, आणि जे बसले होते त्यांना हातापायांची बोटं संपल्यावर पुढचं येत नव्हतं.

एका थंडगार डोंगरी राज्यात जिवाजी नावाचा तांबट राहत होता. भांडी ठोकून ठोकून त्याचे हात हातोडीसारखे झाले होते आणि चेहरा ऐरणीसारखा. कितीही घाव पडोत, खूण म्हणून उमटायची नाही.

त्याच्या भांड्यांचं नाव मोठं होतं. नवं भांडं झालं की तो ते पाण्यानं काठोकाठ भरायचा, कोरड्या राखेवर ठेवायचा आणि दिवसभर वाट बघायचा. संध्याकाळी भांडं उचलून खालची राख चिमटीत घ्यायचा. राख कोरडी निघाली की एकदा मान डोलवायचा. तेवढंच त्याचं हसणं. आयुष्यात त्याचं एकही भांडं गळलं नव्हतं, आणि माणूसही तसाच. आत काय भरलंय त्याचा एक थेंब बाहेर दिसायचा नाही. तुम्ही गालात हसताय, पण तुमच्याही घरात असा एक बसलेला आहे. जरा आजूबाजूला बघा. आणि कुणी सापडलाच नाही, तर तो तुम्हीच.

जिवाजीला एकुलती एक लेक, चिमा. बायको लवकर गेली, तेव्हापासून बापलेक दोघंच. मग चिमाचं लग्न झालं ते थेट घाटापलीकडे, समुद्राकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरी. पाठवणीच्या दिवशी अख्खी आळी रडली. सनईवाल्याचा सूर ओला झाला. नवऱ्यामुलाचा घोडासुद्धा नाक ओढत होता म्हणतात. जिवाजीनं मात्र लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, "नीट जा" म्हणाला, आणि दुकानात जाऊन एक हंडा ठोकत बसला. चिमानं तीनदा वळून पाहिलं. तिन्ही वेळा तिला नुसती ठोकठोक ऐकू आली.

त्या राज्यातली रीत अशी, की बापाचं बोलावणं आल्याखेरीज लेकीनं माहेरी पाऊल टाकायचं नाही. मीठ घेऊन येणारा वाणी वर्षातून दोनदा घाट चढायचा. एकदा बर्फ वितळल्यावर, आणि एकदा बर्फ पडायच्या आधी. दर खेपेला तो चिमाचा तोच निरोप आणायचा, की बाबांनी बोलावलं की येईन. आणि दर खेपेला जिवाजी विचारायचा, बरी आहे ना? वाणी म्हणायचा, बरी आहे. जिवाजी म्हणायचा, बरं. मग वाणी गाढवं हाकत निघून जायचा आणि जिवाजी घाटाच्या वळणाकडे बघत उभा राहायचा. गाढवं दिसेनाशी झाली, त्यांनी उडवलेली धूळही खाली बसली, तरी बघतच राहायचा. ये, हा एवढासा शब्द. घशापर्यंत यायचा आणि तिथंच बसायचा.

अशी पाच वर्षं गेली.

सहाव्या वर्षी बर्फ वितळला, वाणी आला, आणि या खेपेला निरोपाला शेपूट होतं. चिमाच्या सासरची माणसं समुद्रापलीकडच्या बेटावर नवी मिठागरं करणार होती. पुढल्या उन्हाळ्यात सगळं बिऱ्हाड गलबतात चढणार. एकदा तिकडे गेलं, की मग कुठलं माहेर आणि कुठला घाट.

जिवाजी म्हणाला, "बरं." पण त्या दुपारी चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याची हातोडी स्वतःच्याच अंगठ्यावर बसली.

अंगठा तोंडात धरून बसला असताना त्याला एक बेत सुचला. चिमा लहानपणी भट्टीशेजारी बसून टोमॅटो खायची. चिरायची नाही. आधी दातानं टोचून रस ओढायची, मग त्यात चिमूटभर मीठ सोडायची आणि हनुवटीपर्यंत लाल व्हायची. आता तिच्या दारात मिठाचे डोंगर होते, पण त्या खाऱ्या मातीत टोमॅटोचं रोप धरत नव्हतं. बर्फाच्या आधी वाणी परत येईल तेव्हा त्याच्याबरोबर टोपलीभर टोमॅटो पाठवायचे. लेक समजायचं ते समजेल. आपल्याला तोंड उघडायला नको. असले बेत बापांनाच सुचतात.

त्या थंडीत टोमॅटो उघड्यावर येत नसत. पण दुकानामागे एक काचघर होतं. राजवाड्याच्या खिडक्या बदलल्या, तेव्हा टाकून दिलेल्या काचा गोळा करून जिवाजीच्या बायकोनं ते उभारलं होतं. एवढंसं, की दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्यानं श्वास बाहेर ठेवून यावं. बायकोमागं चिमानं ते सांभाळलं. चिमा गेल्यावर तिथं कोळी राहत होते. जिवाजीनं जाळी झाडली, काचा पुसल्या आणि फळीवरची बियांची पुरचुंडी उघडली. चिमानं जाताना राखेत घोळवून ठेवलेल्या जेमतेम चिमूटभर बिया.

आता प्रश्न आला, की लावायच्या कशात.

शेजारी भागा कुंभारीण राहायची. जिवाजीहून दोन वर्षांनी मोठी आणि जिभेनं दोनशे वर्षांनी. तिनं न मागता एक मातीची कुंडी आणून दिली. जिवाजीनं सवयीनं ती उलटी केली. तळाला तीन भोकं.

"आक्का, तुझं भांडं तर जन्मतःच गळकं आहे," तो म्हणाला.

"अरे दादा, इतकी वर्षं टोमॅटो खाल्लेस. ते कशात वाढतात ते कधी वाकून बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. पण ते कबूल केलं तर तो जिवाजी कसला. त्यानं कुंडी परत केली आणि सांगितलं, की तांबटाच्या घरात गळकं भांडं शिरलं तर ऐरणीला काय वाटेल. भागा म्हणाली, ऐरणीचं मला ठाऊक नाही, टोमॅटोला काय वाटतं ते तो आठवड्यात सांगेल.

जिवाजीनं आधी घंगाळ घेतलं. रुंद, देखणं, पण खोली वीतभर. रोपं वर आली, मुळं तळाला टेकली आणि एका दुपारी सगळी दारुड्यांसारखी आडवी झाली. मग त्यानं कळशी घेतली. ती खोल होती, पण तोंड इतकं अरुंद की मातीला ऊन दिसेना. तीन बिया टाकल्या होत्या, त्यांनी वर यायचं नावच घेतलं नाही.

शेवटी त्यानं माळ्यावरून एक हंडा उतरवला. पाठवणीच्या दिवशी ठोकलेला तोच. पितळी, आतून कल्हई केलेला, दोन हातांत न मावणारा. त्यावर घाव इतके पडले होते की पत्रा आरशासारखा झाला होता. गिऱ्हाइकांनी कितीदा मागितला, पण त्यानं तो विकला नव्हता. का, ते कुणाला सांगितलंही नव्हतं. त्यात माती भरून त्यानं उरलेल्या बिया लावल्या. एकच रोप आलं. पण काय आलं. बघता बघता गुडघ्याला लागलं. जिवाजी सकाळी त्याला पाणी घालायचा, दुपारी घालायचा, आणि संध्याकाळी भट्टी विझवून पुन्हा घालायचा. लेकीला जेवढं प्रेमानं विचारलं नव्हतं, तेवढं त्यानं त्या रोपाला विचारलं.

मग पानं पिवळी पडली. जिवाजीला वाटलं तहान लागली, त्यानं आणखी पाणी घातलं. पानं खाली झुकली. त्यानं आणखी घातलं. काचघरातून कुबट वास यायला लागला, तेव्हा भागा कुंपण ओलांडून आत आली. तिनं मातीत बोट खुपसलं, बाहेर काढलं, आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

"बुडतंय ते," ती म्हणाली. "तू घातलेलं सगळं आतच साठलंय. जायला वाट नाही. मुळं कुजायला लागलीत, दादा. आज भोक पाडलंस तर वाचेल. उद्या नाही."

"माझं भांडं आजवर गळलेलं नाही."

"नाही ना. मग बस ते घेऊन."

आणि ती तिथंच पायरीवर बसली. जिवाजीनं हंड्यावर हात ठेवला. त्याच्याकडे दुसरी बी नव्हती आणि दुसरं वर्षही नव्हतं. तो दुकानात गेला आणि छिन्नी घेऊन आला. त्यानं हंडा हळूच कलता केला. हातोडी उचलली, खाली घेतली, पुन्हा उचलली. ज्या हातानं हजार भोकं बुजवली, त्याला एक पाडता येईना. मग एकदाचा घाव पडला.

तळातून काळं पाणी आलं. आधी भसकन, मग धारेनं, मग थेंबाथेंबानं. घाण वास सुटला. दोघंही नाक न धरता बघत राहिली. मग जिवाजी बोलला, आणि ते हंड्याकडे बघून.

"आक्का, ती गेली त्या दिवशी हा ठोकला. हंडा करायचा म्हणून नाही. माझा हुंदका कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून."

"ते आळीत सगळ्यांना कळलं होतं," भागा म्हणाली. "जिला कळायला हवं होतं, ती तेवढी घाटापलीकडे आहे. मला कशाला सांगतोस?"

जिवाजीनं आणखी दोन भोकं पाडली. रोपानं आठ दिवस विचार केला आणि मग नवी पानं काढली. फुलं आली, हिरव्या गोट्या आल्या, आणि थंडी दाराशी यायला आणि टोमॅटो लाल व्हायला एकच गाठ पडली. वाणी आला त्या दिवशी सात टोमॅटो तयार होते. जिवाजीनं ते गवतात बसवून टोपलीत ठेवले.

आता गंमत ऐका. भागानं वाणी वेशीतून शिरताच त्याला गाठून काहीतरी कानात सांगितलं होतं. जिवाजीनं भर बाजारात त्याच्यापुढे टोपली धरली आणि पुटपुटला, की चिमाला दे आणि सांग बाबांनी बोलावलंय. वाण्यानं कानामागे हात धरला. म्हणाला, "काका, या घाटाच्या वाऱ्यानं कान गेले बघा. जरा मोठ्यानं."

जिवाजी जरा मोठ्यानं म्हणाला. वाण्यानं मान हलवली. आणखी मोठ्यानं म्हणाला. बाजारातली माणसं वळून बघायला लागली. मग जिवाजी असा ओरडला, की भाजीवाल्यांच्या ताडपत्र्या हलल्या.

"तिला सांग, ये. बाप वाट बघतोय. पाच वर्षं बघतोय."

जिवाजीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्यानं ते पुसलं नाही. वाण्याचे कान लगेच बरे झाले. तो हळूच म्हणाला, "सांगतो, काका. अगदी असंच सांगतो."

घाट बर्फानं मिटला. चार महिने जिवाजी पांढऱ्या वळणाकडे बघत राहिला. निरोप पोचला की वाटेत गोठला, हे कळायला मार्ग नव्हता. तशी वाट कुणी बघितली असेल, त्यालाच ते चार महिने किती लांब होते ते कळेल.

बर्फ वितळला आणि गाढवांच्या मागून चिमा चालत आली. तिच्या पदराआड चार वर्षांची तिची पोर होती. "बरी आहे ना"च्या पुढे जिवाजीनं वाण्याला कधी काही विचारलंच नव्हतं. चिमा बापाच्या गळ्यात पडली, दोघंही भरपूर रडली, पण ती पोर पुढे येईना. हा लाल डोळ्यांचा म्हातारा कोण, ते तिला ठाऊकच नव्हतं.

गलबत सुटायचं होतं, म्हणून चिमाला आठच दिवस राहता आलं. पोर त्यातले चार दिवस पदराआड होती. पाचव्या दिवशी ती जिवाजीच्या मांडीवर येऊन बसली आणि त्याला आजोबा म्हणाली. ते ऐकायला त्याला चार दिवस मिळाले. मग गलबत गेलं.

तात्पर्य: मनातल्या मायेला वेळेवर बाहेर पडायला वाट द्यावी; आतच साठवली, तर ती आपल्याच ओलाव्यानं कुजते.