कार्बोरेटरची माफी

अवजारं माणसांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. खंडेनवमीला जानू मेस्त्रींनी लाकूड कापायचं मशीन बाहेरून चकचकीत पुसलं, हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला. टाकीत मात्र पावसाळ्याआधीचं पेट्रोल तसंच होतं. त्याचा चिकट थर इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात बसला होता. कार्बोरेटरला ते कळत होतं, पण पूजेच्या दिवशी आपली घाण कोण दाखवणार?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोठ्यावर फणसाची फांदी कोसळली. आत अडकलेली गाय हंबरत होती. मेस्त्रींनी मशीन सुरू करायची दोरी कितीही ओढली तरी ते ढिम्म.

"प्लगच गेला मेला!" मेस्त्री वैतागले.

"मी ठिणगी देतोय हो मेस्त्री," प्लग कळवळून म्हणाला. "कार्बोरेटरला विचारा."

"मी अगदी साफ आहे," कार्बोरेटर म्हणाला.

मेस्त्रींनी प्लग उकिरड्यावर फेकला. नव्या प्लगनेही मशीन सुरू होईना, तेव्हा त्यांनी कार्बोरेटर उघडला आणि घाण दिसली. छिद्र साफ करून ताजं पेट्रोल भरताच मशीन गरजलं. गाय सुटली.

संध्याकाळी मेस्त्रींनी जुना प्लग शोधून, पुसून परत बसवला. तो पूर्वीसारखीच ठिणगी देऊ लागला, कार्बोरेटरला एका शब्दानंही बोलला नाही.

मशीन चालू झालं की कार्बोरेटर प्लगची माफी मागतो. त्या आवाजात प्लगला काही ऐकू येत नाही. म्हणूनच तेव्हा मागतो.