तार तुटल्याची खबर

टेलिफोनची तार तुटली, तर ती तुटल्याची खबर टेलिफोनवरूनच द्यायची, असा कुसुंबगडच्या महाराजांचा हुकूम होता. पायी येऊन खबर देणाऱ्याची नोकरी जाणार. आणि सुभाना चौकीदार पायी आला होता.

तो दरबारात मान खाली घालून उभा होता. पाठीशी त्याची लेक ठकू. नोकरी गेली की वाघखिंडीतली चौकीची खोलीही जाणार. त्यांना दुसरं छप्पर नव्हतं.

रणधवल महाराजांना टेलिफोनचा भारी सोस. संस्थानभर खांब रोवून त्यांनी स्वतःची टेलिफोन कंपनी काढली होती. खिंडीखिंडीत चौकी, चौकीवर चौकीदार, चौकीदारावर नाझर, नाझरावर तपासनीस, तपासनिसावर थोरले तपासनीस. एकमेकांवर नजर ठेवायला एवढी माणसं लागली, की तारेवर नजर ठेवायला एकटा सुभाना उरला.

आदल्या दिवशी बाभळीची फांदी पडून वाघखिंडीत तार तुटली. त्याच वेळी महाराज खिंडीपलीकडच्या शिकारीच्या बंगल्यावर गेलेल्या दिवाणांना टेलिफोनवरून झापत होते. चांगले तासभर झापले. पलीकडून उलट उत्तर येईना, तेव्हा महाराज खूश झाले. दिवाण सुधारला म्हणाले. संध्याकाळी दिवाण परत आले आणि म्हणाले, "आज सरकारांना आमची आठवण झाली नाही वाटतं?"

मग भडका उडाला आणि सकाळी सगळ्यांना दरबारात उभं केलं गेलं.

"तार तुटली हे तुम्हाला कळलं कसं नाही?" महाराजांनी थोरल्या तपासनिसाला विचारलं.

"खालून खबर आली नाही, सरकार. खबर नाही म्हणजे सगळं क्षेम."

धाकटा तपासनीस तेच म्हणाला. नाझरानंही तीच री ओढली.

महाराज सुभानाकडे वळले. "आणि तू रे? चौकी सोडायची तर टेलिफोनवर परवानगी घ्यायची, ठाऊक नव्हतं?"

सुभाना तोंड उघडणार तोच ठकू पुढे झाली.

"मागितली होती, सरकार. बाबांनी पार घसा फुटस्तोवर मागितली. पलीकडून कुणी नाही म्हणालं न्हाई."

"अगं, तारच तुटलेली. नाही कोण म्हणणार?"

"ते आम्हा अडाण्यांना काय कळतंय? साहेबांना खबर आली न्हाई, म्हणजे क्षेम. बाबांना नकार आला न्हाई, म्हणजे होकार. कायदा सगळ्यांना एकच असंल ना?"

दिवाणांना एकदम खोकला आला. महाराजांना मात्र ते झोंबलं.

"फार चुरूचुरू बोलतेस. मग ऐक. उद्या मी तार तोडायला लावणार. कुठे आणि कधी, ते सांगणार नाही. ती तुटेल त्याच क्षणी तू मला इथं बसून सांगायचं. माणूस धावत यायचा नाही, घोडा नाही, कबूतर नाही, धूर नाही. तार तुटल्याची खबर कुणी कुणाला द्यायची नाही. जमलं तर चौकी तुमची. नाही जमलं तर उद्याच खोली रिकामी करा."

परतीच्या वाटेवर सुभाना धुसफुसत होता. "कशाला तोंड उघडलंस? हातापाया पडलो असतो."

"हातापाया पडून खोली राहिली असती?"

"न्हाई."

"मग तोंड उघडून काय गेलं?"

 सुभाना झपाझप पुढे चालू लागला.

वाघखिंडीतली तार रात्रीच सांधून, दुसऱ्या दिवशी बापलेक पुन्हा दरबारात हजर झाली. ठकू म्हणाली, "सरकार, वाघखिंडीचा टेलिफोन जोडायला सांगा आणि कानाला लावून बसा."

महाराजांनी रिसीव्हर कानाला लावला. आतून किणकिण ऐकू येऊ लागली.

"हे काय?"

"चंद्री, सरकार. आमची शेळी. गळ्यात घंटा हाय. रिसीव्हर तिच्यापाशी सोडलाय आणि पाला तोंडाच्या वीतभर वर टांगलाय. आई बसलीया जवळ. चंद्री पाल्यासाठी मान हलवती, घंटा वाजती."

थोरले तपासनीस उसळले. "सरकार, शेळी खबर देते आहे. अट मोडली."

"तार धड हाय, एवढंच ती सांगती, साहेब. तुटल्याची खबर तिनं दिली तर मला धरा."

सुभानानं डोळे मिटून घेतले. आपली लेक शेळीच्या जिवावर महाराजांशी पैज लावून बसली आहे, हे त्याला आत्ता कुठं उमगलं होतं.

किणकिण चालू होती. कारकून तोंडाला उपरणं लावून हसत होते. दिवाणांना डुलकी लागली. तेवढ्यात किल्ल्यावर दुपारची तोफ झाली, आणि महाराजांच्या कपाळाला आठी पडली.

ठकूनं ती आठी पाहिली. "घंटा थांबली, सरकार?"

"थांबली."

"मग तार तुटली."

 तोफ झाली की वेशीबाहेरची तार कापायची, हा हुकूम महाराजांनी आपल्या पदरच्या एका शिकाऱ्याच्या कानात दिला होता. तिसऱ्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. जे बोलत होतं ते गप झालं. साहेबांच्या कायद्यात गप म्हणजे क्षेम. आमच्यात गप म्हणजे उठा आणि बघा."

महाराजांनी रिसीव्हर खाली ठेवला. हसू ओठांवर आलं होतं, पण हट्टी माणूस. इतक्यात हरायचं नव्हतं.

"ठीक आहे. पण तार धड असताना शेळीच झोपली तर? घंटा तेव्हाही थांबेल."

"मग ती साहेब झाली म्हणायचं, सरकार, आणि दुसरी शेळी बांधायची!"

महाराज असे हसले, की डोक्यावरचा मंदील घसरून मांडीवर आला आणि दिवाण दचकून जागे झाले. चौकीची खोली आणि खालची पड जमीन त्यांनी तिथल्या तिथं सुभानाच्या नावानं करून दिली. ठकूच्या हातात चांदीच्या पाटल्या आल्या. कुसुंबगडच्या चौकीचौकीवर घंटेची शेळी बांधली गेली, आणि त्या शेळ्यांना रोज ताजा पाला तोडून घालायच्या कामावर नाझर, तपासनीस आणि थोरले तपासनीस अशा तिघांची नेमणूक झाली.