तीन आणि एक

"म्हणजे पोटात सुई न खुपसता कळतं?" यमुनामाईंनी विचारलं.

भामरे सर खुलले. चाळीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. कुणी प्रश्न विचारला की त्यांना बरं वाटे. उत्तर तर तयारच असे.

"कळतं, माई. बसवलेली किडनी शरीराला परकीच. शरीर तिच्यावर उठलं की तिचे बारीक तुकडे रक्तात सांडतात. हातातून थोडं रक्त घ्यायचं आणि त्यातले तिचे तुकडे मोजायचे. पूर्वी संशय आला की पोटात सुई घालावी लागे."

"आणि आकडा वाढला तर?"

"वाढलाय..." सरांचा आवाज खाली आला. "थोडाच वाढलाय. डॉक्टर म्हणतात, आता सुई घालूनच खात्री करू. म्हणून आलो. माझं शरीर हिला नाकारतंय का, माई?"

माई तापीकडे बघत राहिल्या. मठाच्या ओसरीवरून नदी दिसते.

उंबऱ्याजवळ कुमुदताई बसल्या होत्या, सरांच्या पत्नी. मांडीवर गोळ्यांची पिशवी, शेजारी उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली. सरांच्या पोटातली किडनी त्यांनीच दिलेली. चार वर्षं झाली. आल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

"तुझ्या अंगात किती आता?" माईंनी विचारलं.

"तीन," सर म्हणाले. "जुन्या दोन काढत नाहीत. निकामी असल्या तरी राहू देतात."

"आणि हिच्या?"

"एक."

"तपासणी कुणाची होते?"

सरांना हसू आलं. "माझी. हिला काय धाड भरलीये? ठणठणीत आहे ती. माझं पथ्यपाणी सगळं तीच बघते."

"हो, मला काही नाही," कुमुदताई लगबगीने म्हणाल्या. "यांचंच तेवढं बघा, माई."

माई पुन्हा नदीकडे बघू लागल्या.

सरांना वाटलं, भेट संपली. ते उठले आणि रिवाजाप्रमाणे माईंच्या पायांशी वाकले.

माईंनी पाय आखडून घेतले.

"आज इथे नको... तिथे."

त्यांचं बोट उंबऱ्याकडे होतं.

"माई, ती माझी बायको आहे."

"ठाऊक आहे."

सर घुटमळले. विद्यार्थ्यांनी पायावर डोकं ठेवायचं आणि आपण पाठीवर थाप मारायची, अशी त्यांची सवय. पण गुरूचा शब्द. उरकून टाकू, म्हणून ते वाकले.

"अहो, काहीतरीच काय," म्हणत कुमुदताईंनी पाय लुगड्याखाली ओढायला घेतले. तोवर सरांचा हात पडला होता.

त्यांचं बोट रुतलं.

हात उचलला, तरी पायावर खड्डा तसाच राहिला.

किडनी थकल्याची ही खूण सरांना पाठ होती. रोज सकाळी चहाच्या आधी ते स्वतःची पावलं दाबून बघत. सूज नाही ना, खड्डा पडत नाही ना. कुमुदताई समोर चहाचा कप धरून उभ्या असत, त्याच पायांवर.

"कधीपासून?" सरांनी खाली बघतच विचारलं.

"झाले दोन-तीन महिने... दिवसभर उभं राहून होतं हो. संध्याकाळी चपलेत मावत नाहीत, एवढंच."

"बोलली का नाहीस?"

"तुमच्या रिपोर्टची धास्ती होती ना. त्यात माझं कुठे..."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली, आणि ती लपवायलाही जागा नव्हती. आपल्या रक्तात हिचे कण किती सांडले, ते त्यांना दशांशापर्यंत सांगता आलं असतं. शेवटचं हिचं रक्त कधी तपासलं, ते आठवेना. आठवेना कसलं, या चार वर्षांत तपासलंच नव्हतं.

ते तिथेच जमिनीवर बसले. मान वर होईना.

"उद्या नाही, आत्ताच जाऊ दवाखान्यात," सर म्हणाले. मग त्यांनी माईंकडे पाहिलं. डोळे भरले होते. "माई, एकच आहे हिच्याकडे. हिला काही झालं तर माझं कसं व्हायचं?"

कुमुदताईंनी पदर तोंडाला लावला.

माई सरांकडे बघत राहिल्या... बघत राहिल्या.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या. "या वेळी त्यात तू नकोस."