अकरा नावांची कथा

पूर्वी शालवती नगरीचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीकाठच्या एका गावी बुरडाच्या घरी जन्मला. त्याचे नाव वेणुक. सुपे, टोपल्या विणून तो पोट भरी. रागीट होता, पण खोटे बोलत नसे.

गाव नदीपेक्षा खोलात होते. मध्ये मातीचा बांध. बांधाचा एकेक तुकडा एकेका घराकडे. दर वैशाखात सगळे बांधावर जमत आणि वेणुक कथा सांगे. हे काम पिढ्यान्पिढ्या त्याच्या घराकडे होते. कथा छोटी. गावच्या प्रमुखाच्या, ग्रामणीच्या, पणजोबाने ‘माझा तुकडा पक्का आहे’ म्हणून घुशींची बिळे पाहिली नाहीत. बांध तिथेच फुटला. अकरा माणसे बुडाली. वेणुक अकराही नावे घेई. ऐकून लोक मुकाट्याने उठत आणि वेणुकाने तासून दिलेली बांबूची काठी मातीत खुपसत आपापला तुकडा वीत वीत तपासत.

नवा ग्रामणी भद्दक याला हे सहन होईना. वैशाखाच्या तोंडावर तो वेणुकाच्या अंगणात आला.

“वेणुका, तीन पिढ्या झाल्या. अजून किती दिवस आमची अब्रू बांधावर वाळत घालणार?”

“बांध आहे तोवर.”

“लोकांना बरं वाटेल असं सांग की. पणजोबा भगदाडात आडवे झाले, नदीने त्यांना नमस्कार केला आणि मागे फिरली. माझा मळा देतो तुला.”

“मळा ठेव तुझ्याकडे. ती माणसं तुझ्या कौतुकासाठी मेली नाहीत.”

ग्रामणीने नगरातून सोमिल नावाचा भाट आणवला. त्याची जीभ गोड. वैशाखात बांधावर वेणुकाऐवजी त्यानेच ग्रामणीच्या मनासारखी कथा सांगितली. नदीच्या नमस्कारापाशी बायकांचे डोळे भरून आले. मग गूळ वाटला. परतताना एक म्हातारी वेणुकाला म्हणाली, “तुझ्यापेक्षा याची बरी रे बाबा. तुझी ऐकली की घास उतरत नाही.”

वेणुक संतापला. “ऐका मग त्याचीच,” म्हणाला, आणि पुन्हा बांधावर गेला नाही.

त्या वर्षी लोकांनी सवयीने काठ्या खुपसल्या. दुसऱ्या वर्षी वरवर. तिसऱ्या वर्षी वेणुकाकडून काठी कोणी नेलीच नाही. नदी आपली आहे, ती मागे फिरते, असे शहाणी माणसेही म्हणू लागली. वेणुकाच्या दारात काठ्यांचा ढीग पडून राहिला. तो रोज त्या ढिगाकडे पाही आणि मनात म्हणे, कळेल एकदा.

श्रावणात भर दुपारी बांध फुटला. जुन्याच जागी. चार माणसे गेली. त्यांत ती म्हातारी होती आणि ग्रामणीची धाकटी बहीण.

पाणी ओसरल्यावर गाव बांधावर जमले. वेणुक काठ्यांची मोळी खांद्यावर घेऊन आला. ग्रामणी चिखलात बसला होता.

“सांग आता,” तो म्हणाला. “माझंही नाव घे. तुला हेच हवं होतं ना?”

वेणुकाच्या तोंडात शिवी आली. ती त्याने गिळली, कारण निम्मी त्याची स्वतःची होती. मग त्याने कथा सांगितली. अकरा नावे घेतली. पुढे चार घेतली. भद्दकाने गोड कथा आणवली हे सांगितले, गावाने ती गुळाबरोबर खाल्ली हेही सांगितले. शेवटी म्हणाला, “आणि एकाला खरी कथा ठाऊक होती. तो रुसून घरी टोपल्या विणत बसला. त्याचं नाव वेणुक बुरूड. माझ्यामागे जो सांगेल त्याने हे नाव गाळायचं नाही.”

ग्रामणी उठला, मोळीतली एक काठी ओढली आणि आपल्या तुकड्यात खुपसली.

दात्याला आवडावे म्हणून कथा फिरवून सांगणाऱ्या एका भिक्खूला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, हे ऐकवले. मग म्हणाले, “त्या जन्मी तो भाट तू होतास. तुझा दाता तो ग्रामणी. गूळ खाणारे गाव म्हणजे ही समोर बसलेली श्रोत्यांची परिषद. आणि रुसून बसलेला बुरूड मी. माणूस जे ऐकतो तसा वागतो. म्हणून सांगणाऱ्याने स्वतःलाही सोडू नये. हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.”